हायगेटच्या दफनभूमीत भूत शिरलं कधी?

ऑक्टोबर संपत आला की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ हमखास फिरतो. धुकं, वेलींनी गिळलेली थडगी, पंख मोडलेला दगडी देवदूत आणि मागून घोगरा आवाज: ‘लंडनमधली सर्वांत झपाटलेली जागा!’ यंदा तो टाकला माझ्या भाचीनेच. सई लंडनला शिकायला गेली आहे आणि तिची खोली त्या जागेपासून चालत वीस मिनिटांवर आहे. खाली तिने लिहिलं होतं, ‘मावशी, तू विज्ञान शिकवतेस ना? मग सांग, हे काय आहे?’

ती जागा म्हणजे हायगेट सिमेट्री. ग्रुपवर एवढं सगळं टाइप करणं जमलं नसतं, म्हणून हा लेख.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. हायगेटमध्ये माणसं पुरली जाऊ लागली १८३९ साली. ज्या भुताने ही जागा जगभर गाजवली ते मात्र आलं १९७० साली. मधल्या १३० वर्षांत तिथे मढ्यांची वाण नव्हती. वाण पडली ती पैशांची. भूत का दिसतं हे कळायला आधी दफनभूमीचा जमाखर्च बघावा लागतो, माणसाचे डोळे आणि हात त्यानंतर.

मुळात एवढी मोठी बाग कशाला?

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी माणूस गेला की काही तासांत अग्नी देतात, तिसऱ्या दिवशी अस्थी, मग नदी. जागा अडत नाही. आपल्याकडेही लिंगायत, मुसलमान, ख्रिस्ती पुरतात, तान्ही बाळं आणि संन्यासीही पुरतात, पण बहुसंख्यांना ‘कबर’ हा सांभाळायचा ऐवज असतो याची सवय नाही. वसईला किंवा गोव्यात २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, फुलांनी आणि मेणबत्त्यांनी भरलेली सिमेट्री ज्यांनी पाहिली आहे त्यांना हायगेट लवकर कळेल.

लंडनमध्ये पूर्वी माणसं चर्चच्या अंगणातच पुरत. १८०१ साली शहराची वस्ती सुमारे १० लाख होती, १८५१पर्यंत ती २३ लाखांच्या पुढे गेली. अंगणं तेवढीच राहिली. जुनं मढं कुजायच्या आत वर नवं ठेवायचं, माती कमी पडली की हाडं बाजूला सारायची. स्ट्रँड भागात एनन चॅपल नावाचं प्रार्थनाघर होतं. तिथल्या पाद्र्याने स्वस्तात दफन करून देतो म्हणत तळघरात साधारण १२ हजार मढी कोंबली असं सांगतात. वर लाकडी फळ्या, फळ्यांवर प्रार्थनेला बसलेली माणसं. पुढे ती इमारत दुसऱ्याच्या हातात गेली आणि त्याच फळ्यांवर नाचाचे कार्यक्रम झाले. मला विचाराल तर लंडनमधली खरी भयकथा ही आहे आणि तिच्यात एकही भूत नाही.

त्यातच १८३२ साली कॉलरा आला. रोग दुर्गंधीतून पसरतो अशी तेव्हाची समजूत होती. ती चुकीची होती, पण तिच्यामुळे एक बरी गोष्ट घडली: दफनभूमी शहराबाहेर नेण्याला पार्लमेंटने परवानग्या दिल्या. १८३३ ते १८४१ या काळात लंडनच्या भोवती सात मोठ्या खासगी दफनभूमी उभ्या राहिल्या. हायगेट त्यातली तिसरी. टेकडीचा उतार, वरून दिसणारं शहर, मधोमध लेबनॉनचा एक जुना देवदार. त्या देवदाराभोवती गोल खंदक खोदून कडेने कबरींच्या कोठ्या काढल्या. तिकडे जायच्या वाटेवर इजिप्तच्या धर्तीचं प्रवेशद्वार, दोन्ही अंगांना उंच दगडी सुळके आणि कमळाच्या कळ्यांसारखे खांब. त्या काळी इजिप्तची फॅशन होती, म्हणून हे सगळं. आज व्हिडिओत जे ‘गूढ’ म्हणून दाखवतात ते मुळात गिऱ्हाईक यावं म्हणून केलेलं सुशोभन आहे.

गिऱ्हाईक? दफनभूमीला?

हो, कारण ही कंपनी होती. लंडन सिमेट्री कंपनी, भागधारकांची. आणि तिच्या धंद्यात एक खोट पहिल्या दिवसापासून होती.

अशी कल्पना करा की एका बिल्डरने सोसायटी बांधली, फ्लॅट विकले आणि करारात लिहून दिलं: मेंटेनन्स कायमचा माफ. फ्लॅट विकले जात आहेत तोवर नव्या पैशांतून जिना झाडला जातो, टाकी धुतली जाते. शेवटचा फ्लॅट विकला गेला की? हायगेटमध्ये कबरीची जागा बहुधा कायमची विकली जाई. पैसे एकदा, गवत मात्र दर पावसात. नवी कुटुंबं येत होती तोवर माळी होते, वाटा स्वच्छ होत्या, रविवारी लोक फिरायला येत. पहिल्या महायुद्धानंतर थाटाच्या अंत्ययात्रा मागे पडल्या. दहन इंग्लंडमध्ये १८८५पासून सुरू झालं होतं, तेही हळूहळू वाढत गेलं. जुन्या कुटुंबांतले लोक पांगले. माळी कमी झाले, सिकॅमोरची झाडं आपोआप उगवली आणि आयव्हीची वेल थडग्यांवर चढली. मुळांनी दगड उलथवले. १९६०च्या दशकात जुना पश्चिम भाग म्हणजे पार जंगल झालं होतं. भयपटवाल्यांना याहून तयार सेट कुठे मिळणार? त्यांनी तिथे चित्रीकरणही केलं.

वाडा नांदता असतो तेव्हा तिथे कोणाला मुंजा दिसत नाही. वारस मुंबईला जातात, कौलं खचतात, अंगणात पिंपळ उगवतो आणि मग गावातली पोरं संध्याकाळी त्या बाजूने जायचं टाळतात. हायगेटचं तेच झालं.

१९७० साली नेमकं काय झालं

६ फेब्रुवारी १९७०. स्थानिक साप्ताहिकात डेव्हिड फॅरंट नावाच्या तरुणाचं पत्र छापून आलं. डिसेंबरमध्ये नाताळच्या आदल्या रात्री सिमेट्रीजवळून जाताना एक करडी आकृती दिसली, आणखी कोणाला असा अनुभव आहे का, अशा अर्थाचं. पुढच्या अंकांत पत्रांची रीघ लागली. कोणाला हॅट घातलेला उंच माणूस दिसला होता, कोणाला पांढऱ्या कपड्यांतली बाई, कोणाला फाटकाच्या गजांमधून रोखून बघणारा चेहरा. एकाला तर भुताचा सायकलस्वार दिसला. बिल एलिस नावाच्या लोकसाहित्याच्या अभ्यासकाने ही पत्रं तपासली, तर दोन माणसांनी एकच भूत पाहिल्याचं जवळजवळ कुठेच आढळलं नाही.

इथे जरा थांबू. एका जागी खरोखर काहीतरी असेल तर दहा जणांची वर्णनं एकमेकांशी जुळायला हवीत. बिबट्या आला की सगळे बिबट्याच सांगतात. इथे जुळत होती फक्त जागा. ‘त्या जागी काहीतरी दिसतं’ एवढं पेपरात आलं आणि प्रत्येकाने आपल्या आठवणीतला एखादा न उलगडलेला क्षण काढून तिथे नेऊन ठेवला.

तीनच आठवड्यांत दुसरा एक तरुण, शॉन मँचेस्टर, याने त्याच साप्ताहिकात सांगितलं की हे साधं भूत नसून व्हॅम्पायर आहे: पूर्व युरोपातून शवपेटीत घालून आणलेला एक मध्ययुगीन सरदार. (व्हॅम्पायर म्हणजे रात्री कबरीतून उठून जिवंतांचं रक्त पिणारं मढं. आपल्या वेताळाशी त्याचा संबंध जोडतात, पण वेताळ रक्तावर जगत नाही. तो पाठीवर बसून कोडी घालतो. स्वभावातच फरक आहे.) सिमेट्रीत मेलेले कोल्हे सापडल्याची बातमी आली आणि पुरावा म्हणून तेवढी पुरली.

१३ मार्च १९७०, वार शुक्रवार. तिकडे तेरा तारखेचा शुक्रवार म्हणजे आपली अमावस्या समजा. टीव्हीवर संध्याकाळी या सगळ्यांच्या मुलाखती झाल्या आणि दोनेक तासांत माणसांच्या झुंडी फाटकावरून, भिंतींवरून आत उड्या मारू लागल्या. पोलिसांना आवरेनात. सगळे ‘शिकारी’. ऑगस्टमध्ये एका बाईचं जुनं मढं कबरीबाहेर, डोकं नसलेलं आणि जाळलेलं, सापडलं. कोठ्या फोडल्या गेल्या, शवपेट्या उघडल्या गेल्या. थडग्यांची नासधूस आणि मृतदेहांची विटंबना या आरोपांवरून १९७४ साली फॅरंटला चार वर्षं आठ महिन्यांची शिक्षा झाली. आपण ते केलं नाही, असंच तो शेवटपर्यंत म्हणत राहिला. दोघा प्रतिस्पर्ध्यांमध्ये १९७३ साली मंत्रविद्येचं जाहीर द्वंद्व होणार अशीही हवा झाली होती. ते झालंच नाही.

आपली म्हण आहे, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. इथे उलटं झालं. राक्षसापाठी माणसं लागली आणि ज्यांची मोडतोड झाली ती बिचारी शंभर वर्षांपूर्वी गेलेली, कोणाला त्रास न देणारी मंडळी होती.

‘पण मी स्वतः पाहिलंय!’

ही सर्वांत खरी हरकत आहे आणि तिला ‘तू खोटं बोलतेस’ हे उत्तर नाही. पाहणारी बहुतेक माणसं खोटं बोलत नाहीत. डोळा अंधारात काय करतो ते मात्र आपल्याला कोणी नीट शिकवत नाही.

घरच्या घरी करून बघा. नोव्हेंबरच्या एखाद्या रात्री गच्चीवर जा, मोबाइल खिशात, वीस मिनिटं दिवा बघायचा नाही. मग पूर्वेला कृत्तिकांचा पुंजका शोधा. त्यातल्या अंधूक ताऱ्यावर नजर रोखली की तो नाहीसा होतो. नजर जरा बाजूला सरकवा, तो परत येतो. पुन्हा रोखून बघा, पुन्हा गेला. दहावीच्या वर्गाला मी हे सहलीच्या मुक्कामात दाखवते, तेव्हा पहिल्यांदा ‘मॅडम, तो लपतोय’ असंच कोणीतरी म्हणतं.

तारा लपत नाही. डोळ्याच्या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात. रंग आणि बारकावे टिपणाऱ्या सुमारे ६० लाख, त्यांना भरपूर उजेड लागतो. दुसऱ्या सुमारे १२ कोटी, त्यांना अंधुक उजेड पुरतो, पण रंग कळत नाही. नजर रोखतो ती अगदी मधली जागा पहिल्या प्रकारच्या पेशींनी भरलेली असते, दुसऱ्या तिथे नसतातच. म्हणजे रात्री आपण जिथे टक लावून बघतो तिथेच आंधळे असतो.

आता भुतांची वर्णनं आठवा. ‘करडं होतं.’ अंधारात रंग दिसत नाहीत. ‘डोळ्याच्या कोपऱ्यात दिसलं.’ तिथेच दिसू शकतं. ‘वळून बघितलं तर गायब!’ वळून बघितलं म्हणूनच.

उरलेलं काम मेंदू करतो. ढगात गणपती दिसतो, गाडीच्या दिव्यांमध्ये डोळे दिसतात. अपुऱ्या खुणांतून चेहरा जुळवायची ही खोड आहे आणि तिला पॅरायडोलिया म्हणतात. झाडाला वाघ समजून पळालेला माणूस दमतो एवढंच. वाघाला झाड समजणाऱ्याला वंशज नसतात. हायगेटमध्ये तर मेंदूला फार कष्टही नकोत, कारण तिथे खरोखरच जागोजागी माणसाच्या उंचीचे दगडी पुतळे आहेत आणि वेलींमुळे ते अर्धेच दिसतात.

आवाजांचं काय?

सईचा पहिल्या जानेवारीत रात्री अडीचला फोन आला होता. खिडकीबाहेर बाई किंचाळतेय, पोलिसांना बोलवू का? तिने फोन खिडकीशी धरला, मीही ऐकलं आणि खरं सांगते, माझ्याही अंगावर काटा आला. सकाळी घरमालकीण हसली म्हणे. कोल्ही होती. लंडनमध्ये कोल्हे वस्तीत राहतात आणि ऐन थंडीत, डिसेंबर ते फेब्रुवारी, त्यांचा माजाचा हंगाम असतो. करडी आकृती डिसेंबरात दिसली आणि पत्रं फेब्रुवारीत आली, हे ध्यानात ठेवायला हरकत नाही.

न ऐकू येणाऱ्या आवाजाचीही एक थिअरी इंटरनेटवर फार चालते. तिच्याबद्दल सावध करते, कारण विज्ञानाच्या नावाने सांगितली की ती कोणीही गिळतं. सेकंदाला वीसपेक्षा कमी कंपनं असलेला आवाज कानाला कळत नाही, त्याला इन्फ्रासाउंड म्हणतात. व्हिक टँडी हा इंग्रज अभियंता कोव्हेंट्रीच्या एका प्रयोगशाळेत काम करत असताना त्याला अस्वस्थ वाटायचं, एकदा बाजूला करडी आकृतीही दिसली. दुसऱ्या दिवशी पकडीत धरलेलं तलवारीचं पातं आपोआप थरथरताना दिसलं आणि शोध घेतल्यावर निघाला एक पंखा, सेकंदाला साधारण १९ कंपनं देणारा. तो बंद केल्यावर अस्वस्थपणाही गेला. १९९८ साली त्याने हे प्रसिद्ध केलं. गोष्ट सुरेख आहे. पण नंतर लंडनमध्येच काही मानसशास्त्रज्ञांनी मुद्दाम ‘झपाटलेली खोली’ तयार केली. ७९ लोकांना पाळीपाळीने आत सोडलं, कोणाच्या वेळी इन्फ्रासाउंड चालू, कोणाच्या वेळी बंद. विचित्र अनुभव अनेकांना आले, पण आवाज चालू असण्याशी त्यांचा मेळ बसला नाही. आत जाताना त्यांना सांगितलं होतं की काहीतरी वेगळं वाटू शकेल. बहुधा तेवढंच पुरलं.

‘मढं ताजं होतं, केस वाढले होते’

हायगेटची आणखी एक कथा व्हिडिओत असतेच. एलिझाबेथ सिडल ही चित्रकारांची प्रसिद्ध मॉडेल आणि स्वतःही चित्रकार. १८६२ साली अफूच्या अर्काचा डोस जास्त झाल्याने गेली. नवरा दांते गॅब्रिएल रोझेटी, कवी आणि चित्रकार. दुःखाच्या भरात त्याने आपल्या कवितांची वही तिच्यासोबत शवपेटीत ठेवली. सात वर्षांनी त्याला ती परत हवीशी वाटली. (कवींविषयी मी काही बोलत नाही.) ऑक्टोबर १८६९मध्ये रात्री, जाळ पेटवून कबर उघडली. रोझेटी स्वतः गेला नव्हता. गेला होता त्याचा दलाल चार्ल्स हॉवेल. त्याने परत येऊन सांगितलं की ती जशीच्या तशी सुंदर होती आणि तिचे लालसर केस वाढून पेटीभर पसरले होते.

केस वाढायला मुळाशी नव्या पेशी तयार व्हाव्या लागतात, त्यांना रक्तातून साखर आणि प्राणवायू लागतो. हृदय थांबलं की तो पुरवठा बंद. मग केस-नखं वाढल्यासारखी का दिसतात? कातडी सुकून आत ओढली जाते. सुकलेल्या आवळ्यावर देठ मोठा दिसतो तसं. शिवाय हा हॉवेल थापा मारण्यासाठी मित्रमंडळींत प्रसिद्ध होता आणि समोर बसलेल्या विधुराला दुसरं काय सांगणार? वही मात्र खरोखर आली: ओली, किड्याने भोक पाडलेली, औषधात धुऊन वाळवावी लागलेली. ‘जशीच्या तशी’ म्हणतात ती पेटी आतून कशी होती याची साक्ष वहीने दिली आहे.

व्हॅम्पायरची कल्पनाही अशीच उघडलेल्या कबरींतून आली. १७२५ आणि १७३२ साली सर्बियात गावकऱ्यांनी मढी उकरली, ती फुगलेली होती, ओठांवर रक्त होतं. सरकारी अहवाल झाले, ते युरोपभर वाचले गेले. कुजताना पोटात वायू साठतो, शरीर फुगतं आणि आतलं लालसर पाणी तोंडावाटे बाहेर येतं. जेवून धष्टपुष्ट झालेला मुडदा म्हणतात तो हाच. आपल्याकडे चितेमुळे हे दृश्य सहसा कोणी पाहत नाही, म्हणून आपली भुतं वेगळी: हडळ, मुंजा, समंध. ती मढ्याच्या दिसण्यावरून आलेली नाहीत, अर्धवट राहिलेल्या आयुष्यावरून आली आहेत.

एक कबर उघडून शंका कायमची मिटल्याचंही हायगेटमध्ये घडलं आहे. टी. सी. ड्रूस हा फर्निचरचा व्यापारी १८६४ साली तिथे पुरला गेला. पुढे त्याच्या सुनेने दावा केला की सासरा मेलाच नव्हता, पेटीत शिसं भरलं होतं आणि तो म्हणजे वेषांतर केलेला पोर्टलँडचा ड्यूक होता. म्हणजे इस्टेट आमची! खटले वर्षानुवर्षं चालले, खर्चासाठी कंपनी काढून शेअरसुद्धा विकले गेले. शेवटी ३० डिसेंबर १९०७ रोजी पेटी उघडली. आत म्हातारा ड्रूस होता. खोट्या साक्षी देणाऱ्यांवर खटले झाले. शेअर घेणाऱ्यांचं काय झालं असेल ते सांगायला नको.

आणि प्लँचेट?

इथे मला खरं थांबायचं आहे, कारण हायगेटमधला माझा माणूस इथे येतो.

माझ्या पिढीतल्या कोणत्याही होस्टेलवाल्या बाईला विचारा. दिवे गेलेले, पाटावर खडूने गोल अक्षरं, मधोमध उपडी वाटी, वाटीवर तिघींची एकेक बोटं. ‘कोणी आहे का?’ वाटी सरकते. ‘तूच ढकलतेस!’ ‘आईशप्पथ नाही गं!’ आमच्या खोलीत एकदा आलेल्या आत्म्याने स्टॅटिस्टिक्समध्ये कोण नापास होणार ते बरोबर सांगितलं होतं. तिघींनाही ते आधीपासून माहीत होतं, हे तेव्हा कोणाच्या डोक्यात आलं नाही.

१८५३ साली लंडनच्या दिवाणखान्यांत हेच चाललं होतं, वाटीऐवजी टेबल. माणसं भोवती बसून टेबलावर हात ठेवत आणि टेबल फिरू लागे. कोणी म्हणे आत्मे, कोणी म्हणे वीज. विजेचं नाव निघाल्यावर लोक मायकेल फॅरेडेकडे गेले. लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानातला उमेदवार पोऱ्या, ज्याच्या शोधावर आज प्रत्येक जनित्र फिरतं तो फॅरेडे. त्याने कोणाची टर उडवली नाही. प्रामाणिक माणसं निवडली आणि त्यांच्या हाताखाली एकावर एक पुठ्ठे ठेवले, मध्ये मऊ चिकट मेण. टेबल फिरल्यावर पुठ्ठे तपासले.

विचार करा: टेबल आपोआप फिरून हातांना ओढत असेल तर खालचा पुठ्ठा पुढे जाईल, वरचा मागे राहील. हात टेबलाला ढकलत असतील तर वरचा पुढे. वरचा पुढे होता. दर वेळी.

मग त्याने दोन पातळ फळ्या घेतल्या, मध्ये काचेच्या कांड्या ठेवल्या आणि एक गवताची काडी काटा म्हणून लावली. हात किंचितही बाजूला रेटला गेला तर काडी कलते. काडी झाकलेली असताना टेबल फिरे. काडी बसणाऱ्यांना दिसू लागली की टेबल थांबे. त्यांना कळे की आपण ढकलतोय, आणि कळलं की ढकलणं बंद. मनात अपेक्षा असली की स्नायू न विचारता थोडंसं काम करून टाकतात, याला आयडिओमोटर क्रिया म्हणतात. १८५३च्या जूनअखेर फॅरेडेने हे ‘टाइम्स’मध्ये लिहून कळवलं. ढकलणारी माणसं लबाड नव्हती, हे त्याने आवर्जून सांगितलं आहे.

तेव्हा होस्टेलमधली ती ‘आईशप्पथ’ही खरी होती.

मग तिथे आता काय चाललंय?

पश्चिम भाग १९७५ साली बंद पडला. त्याच वर्षी ‘फ्रेंड्स ऑफ हायगेट सिमेट्री’ ही संस्था उभी राहिली, स्वयंसेवकांनी झाडं तोडली, वाटा मोकळ्या केल्या, आणि १९८१ साली जमिनीची मालकीही त्यांच्याकडे आली. आता तिकीट काढून आत जाता येतं. रस्त्यापलीकडच्या पूर्व भागात कार्ल मार्क्स आहे. इकडून गेलेली आपली डावी मंडळी तिथे फोटो काढून येतात. मधोमधचा तो जुना देवदार रोगाने गेला, २०१९ साली तोडावा लागला, त्याच्या जागी नवं रोप आहे. सर्वांत अंधाऱ्या कोठ्यांमध्ये दुर्मीळ जातीचे मोठे कोळी सापडले आहेत, ज्यांना उजेड अजिबात चालत नाही. अंधारात राहणारं कोणी हवंच असेल तर ते आहेत.

जमाखर्चाचा जुना तिढा मात्र होताच. सुमारे ५३ हजार कबरी, सुमारे १ लाख ७० हजार माणसं, आणि नव्यांना जागा नाही. म्हणून २०२२ साली पार्लमेंटने हायगेटपुरता वेगळा कायदा केला. ७५ वर्षांहून जुनी, कोणी न विचारणारी कबर आधी जाहीर नोटीस देऊन पुन्हा वापरता येते. नातेवाइकांनी हरकत घेतली तर हात लावायचा नाही. ‘मृतांना त्रास दिला तर भुतं उठतील’ असं कोणी म्हणालं तर त्याला सांगायला हरकत नाही की त्रास १९७०मध्ये देऊन झाला. आता निदान नव्या कबरींच्या पैशातून जुन्यांचं गवत कापलं जाईल.

हे सगळं सईला पाठवलं आणि वर एक काम सांगितलं. मार्क्सला नंतर भेट, आधी पश्चिम भागात जाऊन फॅरेडे शोध. वेस्टमिन्स्टर ॲबीत राजेरजवाड्यांच्या शेजारी जागा मिळाली असती, त्याने ती नको म्हटली. त्याचा पंथ छोटा, साधेपणाचा, चर्च ऑफ इंग्लंडबाहेरचा, म्हणून कबरही अशा लोकांसाठी ठेवलेल्या वेगळ्या भागात.

गेल्या रविवारी फोटो आला. साधा उभा दगड, नाव, जन्मतारीख, मृत्यूची तारीख. बाकी काही नाही. मी ग्रुपवर अंगठा टाकायच्या आत ताईचा, म्हणजे सईच्या आईचा, मेसेज आला: ‘नमस्कार केलास ना गं?’

‘केला,’ सईने लिहिलं. ‘चप्पल काढून. गवत ओलं होतं.’